मॅगसेसे कुठल्या पक्षाचे?

गेल्या महिन्याच्या लेखात मनिलातल्या कालाव रस्त्यावरच्या खलाशांच्या बाजाराबद्दल लिहिलं होतं. बोटीवर नोकरी शोधणारे फिलिपिनो तिथे कागदपत्रांची फाइल काखेत धरून दिवस दिवस उभे असतात. लिहिता लिहिता एक वाक्य टाकलं होतं, की त्यांच्या देशातल्या लिबरल पक्षाची गोष्ट एकदा नीट सांगायची आहे. या वेळी सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावर आली. छत्तीस वर्षं मी बोटीवर काढली, त्यातली निम्म्याहून अधिक फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत. त्यांच्या राजकारणाची चर्चा मी मेसमध्ये, ब्रिजवर, रात्रीच्या वॉचमध्ये ऐकत आलो. चार पत्रं घेतो.

काका, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. मॅगसेसे पुरस्काराची यादी तोंडपाठ आहे: विनोबा भावे १९५८, चिंतामणराव देशमुख १९५९, बाबा आमटे १९८५. पण मॅगसेसे स्वतः कोण आणि कुठल्या पक्षाचे, हे एकाही गाइडमध्ये नाही. ते लिबरल होते का? – एक विद्यार्थिनी, लातूर

हा प्रश्न तुला पडला याचा मला फार आनंद झाला. रामोन मॅगसेसे राष्ट्राध्यक्ष झाले ते नासियोनालिस्ता पक्षाच्या तिकिटावर. पण राजकारणात आले, वाढले, मंत्री झाले ते लिबरल पक्षात. (तिथला माणूस नाव 'मागसायसाय' असं उच्चारतो. आपल्याकडे मॅगसेसे रुळलंय, म्हणून मीही तेच लिहितो.)

आधी पक्ष समजून घे. अमेरिकेच्या अमलात तिथे एकच मोठा पक्ष होता, १९०७ साली निघालेला नासियोनालिस्ता. महायुद्ध संपलं, स्वातंत्र्य तोंडावर आलं, आणि जानेवारी १९४६ मध्ये मानुएल रोहास, एल्पिदियो किरिनो आणि होसे आवेलिनो आपला गट घेऊन त्या पक्षातून बाहेर पडले. तोच लिबरल पक्ष. तीनच महिन्यांत, २३ एप्रिलला, रोहास यांनी ओस्मेन्यांसारख्या बुजुर्ग नेत्याला निवडणुकीत हरवलं आणि ४ जुलैला ते स्वतंत्र फिलिपिन्सचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

सुरुवात मला तरी फारशी शोभेची वाटत नाही. निवडून आलेल्या काही विरोधी सदस्यांना संसदेत बसूच दिलं नाही, आणि त्यांच्या गैरहजेरीत अमेरिकी लोकांना व्यापारात फिलिपिनो नागरिकांच्या बरोबरीचे हक्क देणारी घटनादुरुस्ती पुढे रेटली. मार्च १९४७ मध्ये अमेरिकेला ९९ वर्षांसाठी लष्करी तळ देण्याचा करार झाला. त्यावरही रोहास यांचीच सही. पुढच्या वर्षी १५ एप्रिलला क्लार्क या अमेरिकी हवाई तळावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. क्लार्कचं नाव लक्षात ठेव, पुढे लागेल.

मग किरिनो. त्यांच्या काळातली १९४९ची निवडणूक इतकी बदनाम झाली, की लानाव प्रांतात मेलेली माणसंच काय, पाखरं आणि मधमाश्यांनीसुद्धा मतदान केलं असं लोक म्हणू लागले. जुने फिलिपिनो खलाशी ही म्हण अजून वापरतात. पण किरिनोंबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत जपान्यांनी त्यांची बायको आणि तीन मुलं मारली होती. त्याच माणसाने १९५३ साली, राष्ट्राध्यक्ष असताना, तुरुंगातल्या जपानी युद्धगुन्हेगारांना माफी दिली. त्यांच्या सरकारवरचे सगळे आरोप एका बाजूला ठेवले, तरी या माफीसमोर मी हात जोडतो.

आता मॅगसेसे. साम्बालेस प्रांतातला माणूस, बस कंपनीत मेकॅनिक, युद्धात गनिमी तुकडीत. १९४६ साली लिबरल पक्षातर्फे खासदार झाला आणि १९५० मध्ये किरिनोंनी त्याला संरक्षणमंत्री केलं. तेव्हा लुझोन या मुख्य बेटाच्या मध्य भागात हुक या कम्युनिस्ट बंडखोरांचा जोर होता. मॅगसेसेंनी सैन्याला शिस्त लावली आणि शरण येणाऱ्या बंडखोरांना जमीन दिली. १९५१च्या निवडणुकीत तर मतदान केंद्रांवर दांडगाई होऊ नये म्हणून सैनिक उभे केले. निकाल काय लागला? सेनेटच्या सगळ्या जागा विरोधकांनी जिंकल्या. मंत्र्याने मतपेट्या राखल्या आणि त्याचाच पक्ष हरला! मला मॅगसेसे सगळ्यात जास्त आवडतात ते इथे. फेब्रुवारी १९५३ मध्ये त्यांनी मंत्रिपद आणि पक्ष दोन्ही सोडलं, नासियोनालिस्तांची उमेदवारी घेतली आणि किरिनोंना मोठ्या फरकाने पाडलं. १७ मार्च १९५७ला सेबूच्या डोंगरात विमान कोसळून ते गेले. विमानातल्या सव्वीसांपैकी एकच पत्रकार वाचला.

मनिलाच्या समुद्रकाठी मॅगसेसे यांच्या नावाची उंच इमारत आहे. एकदा बोट बंदरात असताना मी मुद्दाम जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. विनोबा पेणजवळच्या गागोद्याचे, चिंतामणराव महाडजवळच्या नात्याचे, म्हणजे पहिले दोन्ही मराठी मानकरी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले. ही संस्था त्यांना इतक्या लांबून ओळखून होती, याने माझा ऊर भरून आला. त्या रस्त्याचं नाव विचारलं, तर बरोबरचा सेकंड मेट म्हणाला, रोहास बुलेवार्ड. ज्या पक्षातून मॅगसेसे बाहेर पडले, त्याच्या संस्थापकाच्या नावाचा रस्ता.

कप्तानसाहेब, मार्कोसही मूळचे लिबरलच होते असं वाचनात आलं. आपल्याकडे १९८५ साली बावन्नावी घटनादुरुस्ती करून पक्षांतरबंदी आणावी लागली, तरी काय चाललंय ते आपण बघतो. त्यांच्याकडे असा काही कायदा नाही का? – निवृत्त प्राध्यापक, सांगली

सर, आपण वाचलंत ते खरं आहे. फर्दिनांद मार्कोस १९४९ साली इलोकोस नोर्तेतून लिबरल पक्षाचे खासदार झाले. पुढे सेनेटर, सेनेटचे अध्यक्ष, आणि पक्षाचेही अध्यक्ष. लिबरल पक्षाचे दियोस्दादो माकापागाल तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते. १९६५ला ते पुन्हा उभे राहणार हे स्पष्ट झालं तसे मार्कोस १९६४ मध्ये नासियोनालिस्तांकडे गेले, तिथे उमेदवारी मिळवली आणि कालपर्यंत ज्या पक्षाचे ते अध्यक्ष होते, त्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला त्यांनी हरवलं. बारा वर्षांत दुसऱ्यांदा हेच घडलं. फरक माणसात होता. एकाच्या नावाने पुरस्कार दिला जातो, दुसऱ्याने देशावर लष्करी कायदा लादला.

आपल्यासारखा कायदा तिथे नाही. पण मला वाटतं, कायद्यापेक्षा तिथली रचना समजली तर कोडं लवकर सुटतं. राष्ट्राध्यक्ष थेट लोकांमधून निवडला जातो आणि उपराष्ट्राध्यक्ष वेगळ्या मताने, त्यामुळे एक या पक्षाचा, दुसरा त्या पक्षाचा असं सर्रास होतं. माकापागाल स्वतः १९५७ ते ६१ विरोधी पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाचे उपराष्ट्राध्यक्ष होते. खासदाराच्या मतदारसंघातला पूल, शाळा, रस्ता हे सगळं राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीने येणाऱ्या निधीवर. राष्ट्राध्यक्ष बदलला की खासदार त्याच्या दारात उभे. २०१६ साली हे मी रोजच्या बातम्यांत बघितलं. लिबरल पक्षाचे ११५ खासदार निवडून आले होते, नवे राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांच्या पक्षाचे अवघे ३. काही आठवड्यांत पारडं उलटं झालं आणि लिबरल पक्षात मूठभर माणसं उरली.

अशा माणसाला तिथे 'बालिंबिंग' म्हणतात. हे एका फळाचं नाव आहे, कोकण-गोव्यात आपण ज्याला करमल म्हणतो तेच. एकदा आमच्या चीफ कुकने गॅलीतल्या फळीवर एक करमल माझ्यासमोर उभं धरलं आणि बोटाने हळूहळू फिरवलं. पाच कंगोरे. कुठूनही बघा, समोर एक तोंड आहेच. मग आडवा काप काढला, चांदणी निघाली, त्यावर मीठ टाकून मला दिली आणि म्हणाला, कॅप्टन, आमची संसद. तो हसला नाही. त्याच्या गावचा खासदार त्याच आठवड्यात पलीकडे गेला होता, आणि याच्या बापाने त्या खासदारासाठी घरोघर फिरून मतं मागितली होती.

पक्षात राहूनही कोण काय करतं, हेही महत्त्वाचंच. १९४९च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्षांच्या निवासात लिबरल पक्षाची बैठक झाली. पक्षाच्या लोकांवरच्या भ्रष्टाचाराच्या चौकश्यांवरून संस्थापकांपैकी आवेलिनो तिथे म्हणाले, मग आपण सत्तेत आहोत कशासाठी? त्यांनी नंतर शब्दांचा विपर्यास झाला म्हणून सांगितलं, पण ते वाक्य त्यांना आयुष्यभर चिकटलं. पक्ष लगेच फुटला, किरिनोंचा गट आणि आवेलिनोंचा गट, आणि दोघेही त्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले.

लेखात प्लाझा मिरांडाचा उल्लेख होता. तिथे नक्की काय झालं? आणि बॉम्ब टाकले कोणी? – एक वाचक, अमरावती

या प्रश्नाला जागा लागेल, आणि मला ती द्यायची आहे.

कियापो हा मनिलाचा जुना गजबजलेला भाग. चर्चमध्ये काळ्या येशूची मूर्ती आहे, दर शुक्रवारी तिच्या दर्शनाला रीघ लागते. चर्चच्या दारासमोरचा चौक म्हणजे प्लाझा मिरांडा. मेणबत्त्या विकणाऱ्या बायका, झाडपाल्याची औषधं, लॉटरीची तिकिटं. आपल्या एखाद्या जुन्या देवळाबाहेर असते तशी दाटी. निवडणुकीच्या सभा इथेच व्हायच्या. मॅगसेसेंबद्दल सांगतात, की कोणी एखादा प्रस्ताव आणला की ते विचारत, हे आपल्याला प्लाझा मिरांडात उभं राहून सांगता येईल का?

२१ ऑगस्ट १९७१, शनिवार. मार्कोस सत्तेत, लिबरल विरोधात. सेनेटच्या आठ जागांसाठीचे आणि मनिला शहराचे लिबरल उमेदवार जाहीर करायची सभा होती. टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. रात्री नऊ वाजून गेले होते. फटाक्यांची आतषबाजी झाली, लोक वर बघत होते, आणि तेवढ्यात मंचाच्या दिशेने दोन हातबॉम्ब आले. ९ जण मेले. त्यात एक वृत्तपत्र छायाचित्रकार होता, पाच वर्षांचं एक मूल होतं. शंभराच्या आसपास माणसं जखमी झाली. सेनेटच्या आठही उमेदवारांना इजा झाली. महापौरपदाचे उमेदवार रामोन बागात्सिंग यांचा पाय गेला. पक्षाचे अध्यक्ष हेरार्दो रोहास, म्हणजे संस्थापकांचा मुलगा, तेही जखमी झाले.

आणि होवितो सालोंगा. मला ज्यांच्याबद्दल सांगायचं आहे ते हे. त्यांच्या अंगात इतके तुकडे घुसले होते, की ते वाचतील असं कोणाला वाटलं नव्हतं. एका डोळ्याची नजर गेली, एका कानाने ऐकू येणं जवळजवळ बंद झालं, कितीतरी तुकडे शेवटपर्यंत शरीरातच राहिले. ते इस्पितळात पडून असताना निवडणूक झाली. लोकांनी आठपैकी सहा जागा लिबरल पक्षाला दिल्या आणि सर्वाधिक मतं सालोंगांना.

मार्कोस यांनी त्याच रात्री कम्युनिस्टांवर आरोप केला आणि हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा हक्क स्थगित केला. लोकांचा संशय मात्र मार्कोस यांच्यावरच होता, आणि पुढच्याच वर्षी लष्करी कायदा आल्यावर तो पक्का झाला. सालोंगांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण पुढे माहिती घेत घेत, माणसांशी बोलून, त्यांचं मत बदललं: हे काम कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाने करवलं, असं त्यांनी उघड सांगितलं. त्या पक्षाचे होसे मारिया सिसोन यांनी ते शेवटपर्यंत नाकारलं. न्यायालयात कोणावरही दोष सिद्ध झाला नाही, म्हणून मीही इथे निकाल देत नाही. मला विलक्षण वाटतं ते सालोंगांचं वागणं. मार्कोस यांनी त्यांना पुढे कोठडीत टाकलं होतं. शत्रूवरचा आरोप तसाच राहू देणं किती सोपं होतं! त्यांनी तो राहू दिला नाही.

लष्करी कायद्यात पक्ष कागदावर उरला. सेनेटर बेनिन्यो अकिनो, ज्यांना सगळे निनॉय म्हणतात, सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होते. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी ते अमेरिकेला गेले, आणि परतले त्या दिवशी मनिला विमानतळावर त्यांना गोळी घातली. तारीख २१ ऑगस्ट १९८३. प्लाझा मिरांडाला बरोबर बारा वर्षं झाली होती. पुढे फेब्रुवारी १९८६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि मार्कोस पळाले. आमची बोट तेव्हा फुजैराच्या बाहेर नांगरावर होती. मी थर्ड मेट होतो. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तार्लाकचा, म्हणजे निनॉयच्याच प्रांतातला. ट्रान्झिस्टर कानाला लावून तो डेकवर बसला होता. बातमी आली तसा तो उठला, रंगाच्या कोठारातून पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि त्या दिवशी खरं तर लाल रंगवायचा असलेला बोलार्ड, म्हणजे दोर बांधायचा खुंट, पिवळा रंगवला. पिवळा हा निनॉयच्या माणसांचा रंग. चीफ ऑफिसरने बघितलं आणि काही बोलला नाही.

सालोंगा १९८७ साली पुन्हा सेनेटवर गेले, सर्वाधिक मतांनी, आणि सेनेटचे अध्यक्ष झाले. १६ सप्टेंबर १९९१ला अमेरिकी तळांची मुदत वाढवणारा करार मतदानाला आला. बाजूने ११, विरोधात १२. करार पडला. १९४७ साली लिबरल पक्षाच्या संस्थापकाने जे तळ देऊ केले होते, ते चव्वेचाळीस वर्षांनी त्याच पक्षाच्या नेत्याच्या अध्यक्षतेखाली परत मिळाले. क्लार्क तर त्याच जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखीच्या राखेखाली गाडला गेला होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुबिकमधून शेवटची अमेरिकी तुकडी गेली.

त्याआधी मे महिन्यात सालोंगा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सहावे आले. त्या निकालाचं मला आजही वाईट वाटतं. पण २००७ साली मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला. २०१६च्या मार्चमध्ये, पंचाण्णव वर्षांचे होऊन ते गेले, पक्ष न सोडता. लातूरच्या मुली, तुझ्या यादीत हे एक नाव वाढव. परीक्षेत येणार नाही, तरी वाढव.

दादा, माझे मिस्टर बोटीवर इंजिनरूममध्ये मोटरमन आहेत, बाकी सगळे फिलिपिनो. ते म्हणतात, निवडणुकीच्या दिवसांत मेसमध्ये बसवत नाही. आता त्या पक्षाचं काय चाललंय, आणि यांनी काय बोलावं, काय टाळावं? – गृहिणी, देवरुख

ताई, त्यांना सांगा, कोण कुठल्या प्रांताचा ते आधी कळू द्या. इलोकोसच्या माणसासमोर थोरल्या मार्कोस यांच्याबद्दल वाईट बोललेलं त्याला घरच्या माणसाबद्दल बोलल्यासारखं लागतं. बिकोलच्या माणसासमोर लिबरल पक्षाच्या नेत्या लेनी रोब्रेदो यांचंही तसंच. त्या तिथल्या नागा शहराच्या. आपण मत द्यायला जाऊ नये, ऐकावं.

पक्षाचं थोडक्यात सांगतो. २०१० साली निनॉयचा मुलगा नोयनॉय लिबरल पक्षाचा राष्ट्राध्यक्ष झाला. त्याच्यासाठी संस्थापकांचा नातू मार रोहास याने स्वतःची उमेदवारी सोडली होती. २०१६ला मार रोहास उभा राहिला आणि दुतेर्तेंकडून हरला. २०१९ला विरोधकांच्या आठ उमेदवारांपैकी सेनेटवर एकही गेला नाही. २०२२ला रोब्रेदो अपक्ष म्हणून, पिवळा सोडून गुलाबी रंग घेऊन लढल्या. त्यांना दीड कोटी मतं पडली, मार्कोस यांच्या मुलाला तीन कोटींच्या वर. २०२५ मध्ये मात्र पक्षाचे किको पांगिलिनान सेनेटवर निवडून आले आणि रोब्रेदो नागाच्या महापौर झाल्या. पक्ष लहान आहे, पण आहे.

मिस्टरांना जे वाटतं ते मी २०१६च्या मे महिन्यात पाहिलंय. रिचर्ड्स बेहून कोळसा भरून आम्ही पारादीपला निघालो होतो. मेसमध्ये बाताकचे दोघं होते, ते मार्कोसांचं गाव, आणि चीफ कुक नागाचा. उपराष्ट्राध्यक्षपदाला रोब्रेदो विरुद्ध धाकटा मार्कोस. पहिल्या संध्याकाळी मार्कोस जवळजवळ दहा लाखांनी पुढे होता, आणि त्या दोघांनी टेबलावर ताल धरला होता. पहाटे मी वॉचवरून खाली कॉफी प्यायला गेलो, तर कुक एकटाच उभा. रात्रीत रोब्रेदो पुढे गेल्या होत्या. त्याने कोणाला उठवलं नाही. भात लावला, अंडी तळली, बाताकच्या दोघांसाठी त्यांच्या आवडीचं लसणीचं इलोकोस सॉसेज फ्रीजरमधून काढून ठेवलं, आणि मग मेसच्या पांढऱ्या फळ्यावर बातमी लिहिली. महिनाअखेर अधिकृत फरक जाहीर झाला, २,६३,४७३. तोही त्याने तिथेच लिहिला. तोवर आमचा माल उतरून बोट पुन्हा समुद्रात होती. पुढच्या बंदराचे तास, गॅलीची यादी, सगळं त्या आकड्याच्या कडेकडेने लिहिलं गेलं. बाताकच्या दोघांनीसुद्धा तो पुसला नाही.